फूटभर पाणी

पट्टीमास्तर काही खरे मास्तर नव्हते. शाळेत ते सातवीपर्यंत गेले, आणि शाळेने आठवण ठेवावी असं त्यांनी तिथे काही केलं नव्हतं. नदीखात्याने त्यांना नेमलं ते पाणी वाचायला. धारेच्या काठाला, पायऱ्यांच्या कडेला एक खांब होता, खांबावर फूट-इंचांच्या खुणा रंगवलेली लांबलचक लाकडी पट्टी होती. रोज सकाळी आठ वाजता पाणी त्या पट्टीवर कुठे टेकलंय ते बघायचं आणि वहीच्या रकान्यात लिहायचं. झालं. दोन मिनिटांचं काम, पण ते त्यांनी एकतीस वर्षं अशा तोऱ्यात केलं की लोकांनी आपण होऊन त्यांना मास्तर करून टाकलं.

आता ही धार कुठली ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. नदी वरून एकटी येते आणि बेटाच्या नाकाशी दुभंगते. बेटाच्या पलीकडून जाते ती थोरली धार, रुंद, खोल, लाँचा नेणारी. अलीकडून जायची ती धाकटी. नव्वद पावलं रुंद आणि अडीच किलोमीटर लांब, एवढाच तिचा संसार. वरच्या तोंडातून ती घाईघाईने आत शिरायची, मधल्या वळणावर बेटाच्या बाजूला एक डोह करून जरा विसावायची, मग पायऱ्यांसमोर उथळ पसरायची आणि खालच्या टोकाला पुन्हा थोरलीला जाऊन मिळायची. पायऱ्यांसमोरचं उथळ ही तिची दुखरी जागा. पट्टीवरचा शून्य त्या उथळाच्या तळाशी जुळवलेला होता. पट्टीवर चार दिसले म्हणजे उथळावर चार फूट पाणी, नाव खुशाल जाते. तीनच्या खाली गेलं की भरलेली नाव तळाला घासते. पट्टी जागेवरून हलली नाही ना, हे बघायला एका पायरीच्या दगडात पितळी खिळा ठोकलेला होता. खिळ्याचं डोकं आणि पट्टीवरची नऊची खूण एका पातळीत असायला हवी. इतका सोपा हिशोब.

धाकट्या धारेवर नाव होती ती मास्तरांच्या भावोजींची. मास्तरांची थोरली बहीण बेटावर दिलेली. अलीकडून पलीकडे जायला पाच मिनिटं लागत, म्हणून बहीण परगावी गेली असं घरात कुणाला कधी वाटलंच नाही. नावाडी मोठा गमत्या माणूस. सकाळची पहिली खेप घेऊन तो आठाच्या सुमाराला पायऱ्यांशी लागायचा आणि ओरडून विचारायचा, "काय मेव्हणेबुवा, किती पाणी?"

"पाच फूट दोन इंच."

मग नावाडी आपली बांबूची लांब काठी उथळात उभी करायचा. तिच्यावर त्याच्या बापाने फुटाफुटाला खाचा पाडलेल्या होत्या. खाच बघून मान डोलवायचा आणि म्हणायचा, "काठी पण तेच म्हणते. पास झालात." नावेतली माणसं हसायची. रोज तोच विनोद आणि रोज तेच हसू, पण त्यावाचून दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे.

मास्तरांचा खरा अभिमान वेगळाच होता. त्यांच्या वहीत एकही रकाना रिकामा नव्हता. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ते आठ वाजता पायऱ्यांवर हजर होते, आणि वडील गेले त्या सकाळी डोळे पुसत पुसत त्यांनी सहा फूट एक इंच लिहिलं होतं. नऊ वर्षांनी खात्याकडून पत्र आलं की, आपल्या नोंदींत एकही दिवस सुटलेला नाही याबद्दल कौतुक वाटते. मास्तरांनी ते काच घालून भिंतीवर लावलं. बायको म्हणाली, "माझा फोटो कधी लावला नाहीत तो." त्यावर त्यांनी तिचाही लावला, पण पत्राच्या खाली.

त्या पत्रानेच घात केला.

दहाव्या वर्षी नदीला पूर आला. रात्री कधीतरी एक ओंडका वाहत आला आणि खांबावर आदळला. सकाळी मास्तर बघतात तर खांब उभा आहे, पण पट्टी गायब. ती पुढे शंभर पावलांवर झुडपात अडकलेली सापडली. खांबाची पट्टीकडची बाजू पार सोलवटून निघाली होती, त्यामुळे जुन्या खिळ्यांची भोकं कुठे होती तेही कळेना. नियम सरळ होता. रकाना कोरा सोडायचा, ऑफिसला कळवायचं, आणि पातळी लावणारा माणूस येईपर्यंत थांबायचं. पण दुसऱ्या एका ठिकाणी तो माणूस यायला सव्वीस दिवस लागले होते, हे मास्तरांना ठाऊक होतं. सव्वीस कोरे रकाने. भिंतीवरचं पत्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. पितळी खिळा पुराच्या पाण्याखाली होता, त्यामुळे ताडून बघायला काही नव्हतं. आदल्या दिवशीचं पाणी होतं अकरा फूट चार इंच. पाणी कालच्याइतकंच दिसतंय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आठ वाजत आले होते. कंबरभर पाण्यात उभं राहून त्यांनी पट्टी खांबाला लावली, अकरा फूट चार इंच पाण्याला टेकवले आणि खिळे ठोकले. वहीत लिहिलं, अकरा फूट चार इंच. रकाना भरला.

रात्रीत पाणी फूटभर चढलं होतं.

हे त्यांना कळलं दोन महिन्यांनी, पूर उतरून खिळा उघडा पडला तेव्हा. गवंडी वापरतात तशी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी त्यांच्याकडे होती. तिचं एक टोक त्यांनी खिळ्याशी धरलं, दुसरं पट्टीशी. पाणी नऊवर यायला हवं होतं, ते आठवर आलं. त्यांनी तीनदा बघितलं. पट्टी फूटभर वर बसली होती, आणि दोन महिने ते फूटभर कमी पाणी लिहीत होते.

त्याच दिवशी खिळे काढून पट्टी सरकवली असती तर दहा मिनिटांत निस्तरलं असतं. पण मग वहीत पाणी एका रात्रीत फूटभर उडी मारताना दिसलं असतं, आणि त्या उडीचं कारण लिहावं लागलं असतं. उद्या बघू, असं म्हणून मास्तर घरी गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्या. खोटं एकदाच बोलावं लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांना रोज सकाळी आठला वहीत लिहायची नोकरी नसते.

पुरात नावेलाही मार बसला होता, ती दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झाली तोवर उन्हाळा आला. "काय मेव्हणेबुवा, किती पाणी?"

"अडीच फूट."

नावाड्याने काठी उभी केली. "काठी तर साडेतीन म्हणते. तुमची पट्टी उपाशी आहे की काय?" नावेतली माणसं हसली. मास्तरही हसले. पण त्या दिवसापासून ते आठाऐवजी पाच मिनिटं आधी येऊ लागले, म्हणजे नाव पायऱ्यांना लागायच्या आत लिहून निघून जाता येई.

तीन उन्हाळे असे गेले. ऑफिसात कुणीतरी वह्या चाळल्या. खात्याचा नियम असा की, उन्हाळ्यात सलग साठ दिवस तीन फुटांखाली पाणी गेलं तर ती धार नावेच्या कामाची राहिली नाही असं धरायचं. धाकटी धार तीन वर्षं त्यात बसत होती. पायऱ्यांवरच्या शेडमध्ये बैठक भरली. नावाडी काठी घेऊन आला. सगळ्यांसमोर त्याने ती उंच धरली, खाचांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, कागदावर काय असेल ते असेल. माझ्या काठीला साडेतीन फूट पाणी लागतं. नाव एकदाही घासली नाही. विचारा कुणालाही."

साहेब मास्तरांकडे वळले. "पट्टी बरोबर आहे ना?"

शेडमध्ये तीसेक माणसं होती. "आहे, साहेब," मास्तर म्हणाले. इथेच थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण चोराच्या मनात चांदणं. ते पुढे म्हणाले, "काठी चिखलात रुतते, साहेब. फूटभर जास्तच दाखवणार."

साहेबांनी मान डोलवली. नावाड्याने काठी खाली घेतली आणि तिच्या टोकाकडे बघितलं. टोकाला चिखल होताच, नावाड्याच्या काठीला तो नेहमीच असतो. मेव्हणेबुवा ही हाक मास्तरांनी पुन्हा ऐकली नाही.

खात्याने ठरवलं की मरणाऱ्या धारेत पाणी फुकट घालवण्यापेक्षा सगळं थोरलीत वळवावं. बेटाच्या नाकाशी, धाकटीच्या तोंडावर दगडी बांध घातला. मग मात्र धार खरोखरच मेली. पहिल्या वर्षी उथळ उघडं पडलं, तिसऱ्या वर्षी डोहात गाळ भरला, सातव्या वर्षी त्यात माणसाच्या उंचीचं गवत माजलं. मधली काही वर्षं तर धड पाणी नाही आणि धड जमीनही नाही, गुडघाभर राड. बेटावरच्या माणसांना अलीकडे यायचं तर बांधावरून दीड तासाचा फेरा पडे. नाव पायऱ्यांशी उलटी टाकलेली होती, तिच्या फळ्या एकेक करून कुणाकुणाच्या चुलीत गेल्या. नावाडी थोरल्या धारेवरच्या लाँचवर दोर टाकायच्या कामाला लागला. आणि सगळी माणसं म्हणू लागली की पट्टीमास्तरांनी आधीच सांगितलं होतं, धार आटतेय म्हणून. पट्टीवर आता कधी वीतभर, कधी काहीच नाही. मास्तर रोज आठ वाजता येऊन लिहीत, कोरडी.

मास्तर महिन्यातून एकदा बहिणीकडे जात. तो दिवस जवळ आला की त्यांना अन्न गोड लागत नसे. ताईच्या घरात हातांची एकच खुर्ची होती, ती ताई भावासाठी ओढायची. नवरा पायरीवर बसायचा. ताईचे गुडघे त्या दीड तासाच्या फेऱ्यांनी गेले होते, पण तिने भावाला कधी बोल लावला नाही, उलट नवऱ्यालाच लावला. काठीचा विषय निघाला की ती तडकायची, "आता तरी पुरे करा. माझ्या भावाच्या हातून खोटी रेघसुद्धा ओढली जायची नाही. तुमच्या हाताला तळ कळेनासा झालाय, ते मान्य करा." नावाडी ऐकून घ्यायचा. पहिली काही वर्षं तो उलटून बोलायचा, मग नुसताच हात चोळायचा. मास्तर समोरच्या खुर्चीत मूग गिळून बसलेले असायचे. त्या खुर्चीचे हात त्यांना टोचत. परतताना त्यांनी कितीदा ठरवलं असेल, पुढच्या खेपेला सांगू. बांध ओलांडेपर्यंत तो निश्चय विरून जाई.

अशी अठरा वर्षं गेली आणि मास्तर निवृत्त झाले. कोरड्या धारेवर पट्टी ठेवण्यात अर्थ नाही म्हणून खात्याने ती जागाही बंद केली. त्याच शेडमध्ये दुपारी चार वाजता निरोपाचा कार्यक्रम झाला. साहेब नवे होते, पोरसवदा. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, आणि जाता जाता सांगितलं, "मास्तर, आज पट्टी उतरवून ठेवा. उद्या आमचा माणूस घेऊन जाईल." मास्तरांच्या छातीवरचं ओझं एकदम हललं. पट्टी एकदा खांबावरून निघाली की संपलं. मग ती कुठे लावलेली होती, हे कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

इतक्यात मागच्या बाकावरून नावाडी उठला. त्याच्या हातात ती काठी होती.

"मला दोन शब्द बोलायचेत," तो म्हणाला. "हिने सांगितलं, आज तरी बोला. तिचे गुडघे दुखतात म्हणून ती आली नाही. ह्याच जागी मी ह्या काठीच्या जिवावर माझ्या मेव्हण्याला खोटं पाडायला निघालो होतो. धार आटली, तुम्ही सगळ्यांनी बघितली. पट्टी खरी होती. काठी चिखलात रुतत होती आणि मला ते कळत नव्हतं. नावाड्याला तळ कळू नये, ह्यापेक्षा लाज नाही. मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागतो."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. नावाड्याने मास्तरांपुढे हात जोडले. मास्तरांनी ते हात धरले आणि मान खाली घातली. जमिनीने पोटात घ्यावं असं माणसं उगीच म्हणत नाहीत. सगळ्यांना वाटलं मास्तर गहिवरले, आणि टाळ्या आणखी वाढल्या.

शेड रिकामी झाल्यावर मास्तर म्हणाले, "भावोजी, जरा थांबा. पट्टी उतरवायला हात लावा."

दोघे पायऱ्या उतरून खांबाशी आले. मास्तरांनी कामाच्या पिशवीतून नळी काढली. धारेत थेंबभर पाणी नव्हतं, म्हणून साहेबांसाठी आणलेल्या बाटलीतलं उरलेलं पाणी नळीत भरलं. एक टोक नावाड्याच्या हातात दिलं. "हे त्या खिळ्याच्या डोक्याशी धरा. पाणी बरोबर डोक्यावर आलं की सांगा."

"आलं."

"आता इकडे बघा. पट्टीवर किती आहे?"

नावाड्याने वाकून बघितलं. "आठ."

"तिथे नऊ पाहिजे."

नावाड्याला लगेच कळलं नाही. मग कळलं, कारण फूटभर म्हणजे किती ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार. तो नळी धरून तसाच उभा राहिला. मास्तरांनी सगळं सांगितलं, ओंडक्यापासून. स्वतःला वाचवणारं एकही वाक्य त्यांनी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तरी एक-दोन निसटलीच. शेवटी म्हणाले, "काठी बरोबर होती, भावोजी. पहिल्यापासून."

"कधी कळलं तुला?"

"दोन महिन्यांत."

"म्हणजे बैठकीत तुला ठाऊक होतं."

"हो."

"चिखलाचं ते तूच काढलंस. मनाने."

"हो."

नावाड्याने नळी खाली ठेवली. त्याने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, मग काठीच्या खाचांवरून तो हात फिरवला. "अठरा वर्षं मी ह्या हाताला शिव्या दिल्या," तो म्हणाला. "लाँचवर दोर टाकतानासुद्धा वाटायचं, ह्याचा भरवसा नाही." थोड्या वेळाने म्हणाला, "मी चारचौघांत माफी मागितली. आणि तू मला ह्या खड्ड्यात आणून सांगतोस."

"उद्या ऑफिसात लिहून देतो. पट्टी काढत नाही. ज्याला बघायचं त्याने येऊन बघावं."

"ऑफिसचं तू बघ. आधी घरी चल. तुझ्या बहिणीला तू सांगायचं. माझ्याने नाही व्हायचं ते. अठरा वर्षं ती तुझ्या बाजूने माझ्याशी भांडलीय."

मास्तरांना वाटलं होतं की आता संपलं. खरं तर अवघड ते पुढेच होतं. गेल्या दोन उन्हाळ्यांत राड पार वाळून पायवाट पडली होती, दोघे धारेतून चालत निघाले. उथळ, मग उतार, मग डोहाची जागा. नावाडी पुढे होता आणि कोरड्या जमिनीवरसुद्धा काठी टेकून टेकून चालत होता, पाऊल टाकण्याआधी एकदा. डोहाच्या जागी तो क्षणभर थांबला. "इथे दोन पुरुष पाणी होतं," तो म्हणाला, आणि पुढे गेला.

ताई अंगणात शेंगा निवडत बसली होती. दोघांना एकत्र येताना बघून तिचा चेहरा उजळला. गुडघ्यावर हात ठेवून ती उठली आणि आतून हातांची खुर्ची ओढत घेऊन आली. "बस रे," ती भावाला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली, "मागितली ना माफी? पटलं ना एकदाचं? ती काठी आता द्या इकडे, माझ्या वेलाला आधार होईल."

मास्तर बसले नाहीत. "ताई, काठी खरी होती," ते म्हणाले. "पट्टी मी चुकीची लावली होती. मला माहीत होतं. बैठकीत मी खोटं बोललो."

ताईने आधी नवऱ्याकडे बघितलं, तो खाली बघत होता. मग भावाकडे.

"का रे?" तिने विचारलं. "कशासाठी?"

मास्तरांनी अठरा वर्षांत ह्या प्रश्नाची कितीतरी उत्तरं तयार केली होती. आता त्यातलं एकच उरलं होतं, आणि ते उच्चारतानाच ते किती क्षुल्लक आहे हे त्यांना ऐकू आलं. "एक रकाना रिकामा राहिला असता, ताई."

ताई मान हलवत राहिली, ना होकाराची ना नकाराची. मग तिने ती खुर्ची उचलली, दुखऱ्या गुडघ्यांनी चार पावलं चालत गेली आणि नवऱ्यासमोर ठेवली.

"तुम्ही बसा," ती म्हणाली.

नावाडी जरा घुटमळला आणि मग बसला, काठी मांडीवर आडवी घेऊन. मास्तर पायरीवर बसले.